घटनेत विहीर आली कुठून

परवा बऱ्याच दिवसांनी घटनेचं मराठी पुस्तक काढून बसले होते आणि कलम १५ वर अडकले. राज्याने भेदभाव करायचा नाही एवढं सांगून ते थांबत नाही, पुढे थेट विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते अशी यादीच येते. देशाच्या घटनेत विहीर! एकदा हे दिसलं की महाड आठवल्याशिवाय राहत नाही.

म्हणजे बघा ना, १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात समाजसुधारक सी. के. बोलेंचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, मग महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं, कागदावर सगळं झालं पण तिथे पाणी भरायला जायची अस्पृश्यांपैकी कुणाची हिंमत होत नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले, पाणी प्यायले, आणि त्याच दिवशी लोकांनी मार खाल्ला, नंतर तळं ‘शुद्ध’ पण करून घेतलं गेलं. डिसेंबरात परत परिषद भरली तेव्हा त्यांनी भाषणात दाखला कशाचा दिला, तर १७८९ ला फ्रान्समध्ये व्हर्सायला भरलेल्या राष्ट्रीय सभेचा! भांडण कोकणातल्या एका तळ्याचं आणि डोळ्यांसमोर व्हर्साय. ते म्हणत होते की आपण नुसतं पाणी प्यायला आलेलो नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवायला आलोय. मला तर प्रजासत्ताकाची सुरुवात तिथेच झाली असं वाटतं.

कारण पुढे घटना समितीत खरा वाद झाला तो पायाचा दगड कोणता यावरच. गांधीविचाराच्या लोकांना गाव हा पाया हवा होता, वर्ध्याच्या श्रीमन्नारायण अग्रवालांनी १९४६ लाच तसा अख्खा आराखडा लिहिला होता. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेब सरळ म्हणाले की गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं आहे, आणि मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा मला आनंद आहे. सभासद दुखावले, भरपूर टीका झाली, शेवटी ग्रामपंचायती मार्गदर्शक तत्त्वांत कलम ४० म्हणून आल्या. गावावरचं त्या लोकांचं प्रेम खोटं नव्हतं हे मला मान्य आहे, पण कुणाला गाव कसं दिसतं हे तो विहिरीपासून किती लांब उभा केला जातो त्यावर ठरतं.

आणि बंधुता! नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ ला मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, स्वातंत्र्य, समता होती, बंधुता नव्हती, ती मसुदा समितीने घातली. त्यातही क्रम बघा, आधी व्यक्तीची प्रतिष्ठा, मग राष्ट्राची एकता. १९५४ च्या रेडिओवरच्या भाषणात तर बाबासाहेबांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तीन तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, माझे गुरू बुद्ध, त्यांच्याकडून घेतलीत.

आमच्या आजोळी दोन विहिरी आहेत. नळ येऊन कितीतरी वर्षं झाली, दोन्हींवर आता लोखंडी जाळी आहे, पाणी कुणीच काढत नाही. पण मामीला पत्ता विचारला की ती अजून सांगते, वरच्यांच्या विहिरीवरून डावीकडे वळ.