सतराच्या पाढ्यावर अडलेली मुलगी

माझ्याकडे पळण्याच्या सरावाला नवीन पोरं येतात ती घड्याळ विचारतच. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सेकंदावर गुण ठरतात. म्हणून आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याच्या आसपास कुठल्याही मैदानावर पहाटे गेलात तर तेवढंच अंतर रोज जीव तोडून पळणारी पोरं दिसतात. मी मात्र पहिले कित्येक आठवडे वेळ घेतच नाही. पाटाच्या कडेने मातीच्या रस्त्यावर हळू पळायचं, शेजारच्याशी बोलता येईल इतकं हळू. बोलण्यातले विषय संपतात, म्हणून पाढे म्हणायला लावतो. पाढा तुटला की वेग जास्त झाला, इतकं सरळ. पोरं सुरुवातीला कुरकुरतात, "सर, हाऊ काय सराव शे?"

सराव हाच आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ८०० मीटरवाल्या पीटर स्नेललाही आठवड्याला शंभर मैल, म्हणजे जवळजवळ १६० किलोमीटर पळवायचे. २ सप्टेंबर १९६० ला रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटर जिंकलं आणि त्याच दिवशी त्यांच्याच तालमीतल्या मरे हालबर्गने ५००० मीटर. लांब आणि सावकाश पळण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. याला महिने लागतात. घाई केली की पोटऱ्या आणि नडग्या आधी बोलतात.

तर ही गोष्ट फेब्रुवारीतल्या एका सकाळची. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढणीला आली होती, हवेत चांगला गारवा होता. आमच्यातली एक मुलगी, दिवाळीपर्यंत सगळ्यांच्या पुढे असणारी, त्या दिवशी सर्वांत मागे होती. मी सायकल तिच्याजवळ नेली आणि पाढा म्हण म्हटलं. "सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे..." आणि थांबली. वेग तर चालण्याच्या जरा वर. मे महिन्यात असं झालं असतं तर मी ऊन म्हटलं असतं. या गारव्यात, या वेगाला धाप लागण्याचं कारणच नव्हतं.

तिला बांधावर बसवलं. बराच वेळ झाला तरी मानेजवळची नाडी बोटांखाली धडधडत होती. मैत्रिणीला तिच्या डोळ्याची खालची पापणी हळूच ओढायला सांगितली. आत जिथे लालसर दिसायला हवं तिथे पांढुरकं. मग विचारत गेलो. सकाळी काय खातेस? भाकरी आणि चहा. संध्याकाळी? तेच, आणि चहा. मैत्रीण मध्येच म्हणाली, "सर, ही पाटीवरची पेन्सिल खाते." मुलीने मान खाली घातली. मला तिथेच बऱ्यापैकी कळलं. माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटणं हे रक्त कमी असल्याचं ओळखीचं लक्षण आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मी तिला तिथेच सांगितलं.

तेवढ्यात तिचे वडील आले. शेतावर निघाले होते. "सर, पोर आयशी व्हई गयी. तिले जरा दम द्या." पोर आळशी झाली, असं त्यांचं म्हणणं. त्यांचाही जीव त्या भरतीत अडकलेला. घरी संध्याकाळी तेच तिला रस्त्यावर वेगळं पळवत होते. मी म्हटलं, "दादा, बैलाला वैरण नाही आणि आपण पराणी टोचतोय." ते काही बोलले नाहीत, पण दवाखान्यात सोबत आले.

हिमोग्लोबिन ७.९ निघालं. तिच्या वयाला १२ तरी हवं. प्राणवायू स्नायूंपर्यंत वाहून नेणारं तेच. ते इतकं कमी असेल तर हृदय पळून पळून किती भरून काढणार? आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहिण्याआधी ती तपासणी केली. सिकलसेल असेल तर लोह डोळे झाकून देता येत नाही, आणि तशा मुलाला दमेपर्यंत पळवणं जिवावरही बेतू शकतं. तपासणी निर्दोष आली. तेव्हा मला मोकळा श्वास घेता आला.

पळणं बंद, फक्त चालणं. जेवणासोबतचा चहा बंद, कारण त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर. शेंगदाणे, मेथी, मठाची भाजी. वडिलांनी हे सगळं माझ्यापेक्षा कडकपणे पाळलं. हिमोग्लोबिन हळूहळू चढलं, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी तिला पुन्हा पाटावर घेतलं, तेही सगळ्यांत हळू गटात. त्या गटात आपल्याला टाकलं म्हणून ती रडली. मी ऐकलं नाही.

आता नवीन मुलगा असो वा मुलगी, आधी रक्ताची तपासणी, मग पाट. काही पालक म्हणतात, पळायला शिकवायचं सोडून सर दवाखान्यात पाठवतात. पाठवतोच. ती मुलगी सध्या रविवारच्या लांब पल्ल्याला मधल्या गटात पळते आणि मागच्यांना पाढे चुकले की ओरडते. तिचं ८०० मीटर अजून मी घड्याळावर घेतलेलं नाही. वडील दर आठवड्याला विचारतात. भरतीची तारीख लागली की घेईन, असं सांगितलंय.