आपल्याच बॉम्बची चहाडी?

खानापूरला गेले की प्रश्न ठरलेला. "काय गे, आपल्याच बॉम्बची चहाडी करूलीस होय तिकडं?" विचारलंत म्हणून सांगते.

मी परदेशात एका प्रयोगशाळेत हवेतला किरणोत्सारी झेनॉन मोजते. जमिनीखाली अणुस्फोट झाला की हा वायू भेगांतून वर झिरपू शकतो. तो कशाशी संयोग पावत नाही, पावसानं धुतला जात नाही. हवा ओढायची, कोळशावर झेनॉन धरायचा, त्याचे किरण मोजायचे. यंत्राला गाव कळत नाही. वाऱ्याचा माग उलटा काढून ते दुसरे लोक ठरवतात.

बाकीच्यांचं मी हसण्यावारी नेते. थोरल्या मामांचं नेता आलं नाही. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतले. मे १९९८ मध्ये पोखरणची बातमी आली तेव्हा त्यांनी गल्लीभर कुंदा वाटला होता, आणि मीही दोनदा हात पुढं केला होता. मावसबहिणीच्या लग्नात मी पंगतीत मसालेभात वाढत होते, तर त्यांनी पानावर हात आडवा धरला. "आधी सांग, पकडता कुणाला?"

भांडं हातात घेऊनच मी सुरू झाले. १२ फेब्रुवारी २०१३ ला उत्तर कोरियानं चाचणी केली, भूकंपमापकांना लगेच कळली. पण धक्का अणूचाच कशावरून? जपानमध्ये ताकासाकीच्या केंद्रात झेनॉन सापडला तो एप्रिलमध्ये, ५५ दिवसांनी. त्याचे दोन प्रकार असतात: झेनॉन-१३३ सव्वापाच दिवसांत निम्मा होतो, झेनॉन-१३१एम जवळपास बारा दिवसांत. दोघांच्या प्रमाणावरून वायूचं वय निघतं, आणि ते जुळलं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि अमेरिका? हजारावर स्फोट करून मोकळी झाली. १९९६ च्या अणुचाचणीबंदी करारावर सही केली, मंजुरी अजून नाही. तिला कोण विचारतं?"

यंत्र सगळ्यांचीच हवा ओढतं, मी म्हटलं.

"यंत्र ओढतंय गे. कागद कोण फडकवतंय?"

दुसऱ्या पोरीनं वाढलं तेव्हाच त्यांनी हात काढला.

कुंदा खाणारी ती मी त्यांच्याच बाजूनं बोलली असती. तिचं चुकलं असं म्हणवत नाही. भारतानं सही केलेली नाही, १९९८ नंतर चाचणीही केलेली नाही. यातलं कशाला जास्त वजन द्यायचं, माझं मत अजून फिरतं. काम मात्र सोडणार नाही. चोरून केलेला स्फोट कळायलाच हवा, कुणाचा का असेना.

कैगाच्या अणुवीज केंद्राचं विचारणारेही असतात. अणुभट्टीतून थोडा झेनॉन सुटतो, पण आमचा खरा घोळ करतात ते दवाखान्यांसाठी किरणोत्सारी द्रव्यं बनवणारे कारखाने; तेही झेनॉन सोडतात. मामांच्या हृदयाच्या स्कॅनला लागलं ते टेक्नेशियम असल्याच कारखान्यांतल्या मॉलिब्डेनमपासून मिळतं. हे त्यांना सांगायचंय, फोन उचलला तर.