पेनल्टीचा ठिपका

मोजणीच्या अर्जावर शाळेचं नाव वाचलं आणि पहिल्यांदा आठवला तो माझ्या उजव्या पायाचा अंगठा. त्याचं नख आजही वाकडं आहे.

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून तीसेक वर्षं काढली. लोक आम्हाला मोजणीदार म्हणतात. चिडले की आणखी बरंच काही म्हणतात. अमळनेरच्या आसपासची बहुतेक शिवारं पायाखालून गेली आहेत, पण आपल्याच शाळेची हद्द मोजायची वेळ कधी आली नव्हती. संस्थेला मैदानाला संरक्षक भिंत घालायची होती, त्यासाठी हद्द कायम करून हवी होती. पूर्वेच्या बाजूचे खातेदार जिभाऊ यांनी नोटीस मिळताच हरकत घेतली होती. मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, ही माझी शाळा आहे. दुसऱ्या कुणाला पाठवा."

साहेब म्हणाले, "शिकलास ना तिथे? सातबाऱ्यावर नाव नाही ना तुझं? मग जा."

शिक्षक म्हटलं की आमच्याकडे लोक थेट साने गुरुजींपर्यंत जातात. १९२४ ते १९३० गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, त्यामुळे तालुक्यातल्या कुठल्याही मास्तराचं माप तिथूनच काढलं जातं. आमच्या सरांनी ते माप कधी अंगाला लावून पाहिलं नाही. ते शिट्टीच्या दोरीने मारायचे. गणित आणि पीटी असे दोन्ही विषय त्यांच्याकडे होते, आणि कोणत्या तासाला कोणता विषय चालू आहे हे बऱ्याचदा कळायचं नाही.

सर भुसावळचे, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आमच्या गावी लागले. गावात तोवर कबड्डी आणि कुस्ती, फार तर व्हॉलीबॉल. फुटबॉल सरांनी आणला. आणला म्हणजे अक्षरशः आणला: सुरत-भुसावळ पॅसेंजरने, पिशवीत घालून. चामड्याचा, हाताने शिवलेला, आत ब्लॅडर. कोरडा असताना चारशे-साडेचारशे ग्रॅमचा तो बॉल पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत चार वेळा लोळला की कलिंगडासारखा जड व्हायचा. हेडिंग केल्यावर पुढचा तास इतिहासाचा असला तरी काही फरक पडायचा नाही. शिवण उसवली की सर शनिवारच्या गाडीने तो भुसावळला घेऊन जायचे आणि सोमवारी परत आणायचे. तो रविवार आम्हाला फार मोठा वाटायचा.

बूट कुणाकडेच नव्हते. त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर होतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपली टीम फ्रान्सविरुद्ध खेळली तेव्हा बहुतेक खेळाडू अनवाणी होते, आणि हरली ती २-१ अशी, तीही दोन पेनल्टी वाया घालवून. "बुटामुळे नाही हरले. पेनल्टीमुळे हरले," असं म्हणून ते आम्हाला पेनल्टी मारायला उभे करायचे. जर्सीचा प्रश्न मराठीच्या बाईंनी सोडवला. अकरा बनियन नीळीच्या पाण्यात बुचकळून काढली. पहिल्या मॅचला घाम आला आणि आम्ही सगळे मानेपासून कमरेपर्यंत निळे झालो. आईने दोन दिवस मला गादीवर झोपू दिलं नाही.

मैदान आखणं हा मात्र सोहळा असायचा. सरांकडे एक लांब सुती दोरी होती, तिला ठरावीक अंतरावर गाठी. तीस फूट, चाळीस फूट आणि तिरपी पन्नास फूट ताणली की कोपरा बरोबर काटकोनात बसतो, हे मी पायथागोरसच्या आधी शिकलो. गोलची रुंदी चोवीस फूट. मधल्या वर्तुळासाठी तीस फुटांची दोरी धरून गोल पळायचं. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून छत्तीस फुटांवर. पुढे खात्यात आलो तेव्हा शंकू साखळी हातात मिळाली. ती तेहेतीस फुटांची, सोळा आण्यांची. पहिल्याच दिवशी मनात आलं, एक साखळी आणि वर एक ढांग, झाली पेनल्टी. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आता अंगठ्याचं. पूर्वेकडच्या गोलसमोर, ठिपक्याच्या जवळच, मातीतून एक दगड वर डोकावायचा. वीतभरसुद्धा नाही, पण अनवाणी पोराला तेवढा पुरतो. माझं नख त्याच दगडाने काढलं. आम्ही सात-आठ जण पहार घेऊन सरांकडे गेलो, म्हटलं, उपटून टाकतो. सर इतके भडकले की पहार टाकून आम्ही पळालो. "त्या दगडाला कुणी हात लावायचा नाही. एक सूतसुद्धा हलवायचा नाही." मग त्यांनीच टोपलीभर माती आणून त्यावर लोटली. दर पावसाळ्यात माती वाहून जायची, दगड वर यायचा, सर पुन्हा माती लोटायचे. सरांचं थोडं फिरलंय असं आमचं एकमत होतं.

१९८६ चा जून. मेक्सिकोचा वर्ल्ड कप. २२ तारखेला, रविवारी रात्री साडेअकराला अर्जेंटिना-इंग्लंड. सोसायटीच्या ऑफिसातल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर आम्ही पंधरा-वीस पोरं आणि सर. मॅराडोनाने हाताने बॉल ढकलला तेव्हा आमच्यातल्या अर्ध्यांना कळलंच नाही आणि उरलेल्या अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्युनिशियाच्या पंचाने गोल दिला. चारच मिनिटांनी मॅराडोनाने अर्ध्या मैदानापासून एकेकाला मागे टाकत दुसरा गोल केला. त्यालाही सर हसले नाहीत. घरी जाताना कंदिलाच्या उजेडात एवढंच म्हणाले, "पंचाला दिसलं नाही म्हणजे ते झालंच नाही, असं कुठे असतं काय?"

त्याच ऑगस्टमध्ये तालुक्याची फायनल आमच्या मैदानावर झाली, कारण धड गोलपोस्ट फक्त आमच्याकडे होते. नेमलेले पंच पावसामुळे आलेच नाहीत. समोरच्या शाळेचे शिक्षक म्हणाले, सर, तुम्हीच घ्या शिट्टी. आम्ही एक-शून्यने पुढे. शेवटची काही मिनिटं. पूर्वेकडच्या गोलवर बॉल आला, गोलकीपर चिखलात आडवा, आणि रेषेवर मी. राइट बॅक. बॉल कोपराला लागला की मी कोपर बॉलला लावलं, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. समोरची पोरं ओरडली. सर धावत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हात लागला?"

"नाही सर."

त्यांनी कॉर्नर दिला. आम्ही जिंकलो. ट्रॉफी माझ्याच डोक्यावर ठेवून गावभर मिरवली.

मोजणीच्या दिवशी, फेब्रुवारीत, मी सकाळी आठलाच पोचलो. सोबत दोन मदतनीस, उपग्रहावरून जागा पकडणारा रोव्हर, अंतर आणि कोन मोजणारं ईटीएस मशीन आणि जुन्या नकाशांची गुंडाळी. माझा डबा आणि पाणी माझंच असतं. मोजणीच्या दिवशी कुठल्याच बाजूचा चहा घ्यायचा नाही, हे फार आधी शिकलो. एक कप चहा पुढे निमतान्यापर्यंत, म्हणजे हरकतीवरच्या फेरमोजणीपर्यंत जातो.

मैदान केवढंसं वाटलं! पश्चिमेला सायकल स्टँड झालेला. गोलपोस्ट कधीच गेले. सर निवृत्त झाल्यावर फुटबॉलही गेला, दुसरं कुणी पुढे आलं नाही. पूर्वेला जुना निंब तेवढा होता, आणि त्याच्या पलीकडे जिभाऊंच्या वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या. संस्थेचे लोक म्हणत होते, हद्द निंबापर्यंत. मैदान कायम निंबापर्यंतच वापरात होतं, गावातला कुणीही सांगेल. जिभाऊ म्हणत होते, "मना बापनी सरले जबान दिन्ही व्हती. खेळापुरती. वावर आम्हनं शे."

दहाच्या सुमारास संस्थेची गाडी सरांना घेऊन आली. साक्षीसाठी. पंच्याहत्तरी ओलांडलेली, हातात काठी, गळ्यात शिट्टी नाही हे मला खटकलंच. मी पाया पडलो. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. नाव आठवेना. मग म्हणाले, "राइट बॅक ना तू?"

काम सुरू केलं. शाळेच्या इमारतीचा कोपरा, विहीर, गावरस्त्याचा तिठा असे जुन्या नकाशावर आणि जागेवर दोन्हीकडे सापडणारे बिंदू घेतले. त्यावर नकाशा बसवला. टिपणातली, म्हणजे मूळ मोजणीच्या नोंदीतली मापं ताडून पाहिली. माणूस काहीही बोलू शकतो, टिपण बोलत नाही. त्यात जे लिहिलंय तेवढंच असतं. दुपारी एकपर्यंत पूर्वेची ओळ मिळाली. ती निंबापासून जवळपास अकरा मीटर आत, शाळेच्या बाजूला येत होती. मी दोनदा तपासली. सरांच्या मैदानाची गोलरेषा निंबाला लागून होती. म्हणजे पेनल्टीचा ठिपका शाळेत आणि गोलकीपर जिभाऊंच्या वावरात. वादातली पट्टी पावणेसात आरच्या आसपास.

संस्थेचे एक सभासद गरम झाले. मशीनवर कसा विश्वास ठेवायचा, म्हणाले. मी म्हटलं, ओळीवर नकाशात दगड दाखवलाय, खणून पाहू. मदतनिसाला जागा दाखवली. काळी माती दगड गिळते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते, आणि वीसपंचवीस वर्षांत वर असलेलं खाली जातं. दीड फूट खणलं तरी काही नाही. आणखी अर्धा फूट. मग पहार ठण्णकन वाजली.

मी खड्ड्यात उतरलो आणि हाताने माती बाजूला केली. वरची कड एका बाजूने घासलेली, थोडी तिरकी. तो दगड मी ओळखला. डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने ओळखला म्हटलं तरी चालेल. हद्दीची खूण हलवणं हा १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे गुन्हा आहे, हे मी कितीतरी शेतकऱ्यांना रागावून सांगितलंय. पहार घेऊन तो उपटायला निघालेल्या टोळीत मी सगळ्यांत पुढे होतो.

जबाब घेताना सभासद सरांच्या कानाशी लागले. "सर, एवढंच सांगा की मैदान पहिल्यापासून निंबापर्यंत होतं." त्यात खोटं काहीच नव्हतं. सरांनी मला लिहायला सांगितलं आणि गणिताच्या तासासारखं थांबत थांबत सांगू लागले. मैदान निंबापर्यंत होतं. दगडापासून निंबापर्यंतची पट्टी जिभाऊंच्या वडिलांची. दरवर्षी आखाजीला, अक्षय तृतीयेला, त्यांच्या घरी नारळ घेऊन जायचो आणि वर्षभरासाठी मागून घ्यायचो. एकाही वर्षी त्यांनी पैसे घेतले नाहीत. दगड मीच मातीने झाकत होतो, पोरांना लागू नये म्हणून. हलवला कधी नाही.

खाली सही केली. अक्षर अजून तसंच, फळ्यावरचं.

सभासद गाडीकडे निघून गेले. संस्थेला निकाल मान्य नसेल तर निमताना मोजणीचा रस्ता मोकळा आहे, तेही मी लिहून दिलं. मदतनीस सामान आवरत होता. सर निंबाखाली बसले, मी शेजारी बसलो. बराच वेळ ते त्या खड्ड्याकडे पाहत होते.

"त्या फायनलला तुझा हात लागला होता रे."

मी काही बोललो नाही. मग म्हटलं, "तुम्हाला दिसलं होतं?"

"स्वच्छ. दहा फुटांवर तर होतो."

"मग शिट्टी का नाही वाजवली?"

त्यांनी काठीने मातीत एक रेघ ओढली, पुसली. "तुला विचारलं ना. तू 'हो' म्हणाला असतास तर वाजवली असती." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आणि तू 'नाही' म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं. मलाही जिंकायचंच होतं."

पलीकडून जिभाऊंनी हाक मारली. घरी भरीत आणि कळण्याच्या भाकरी झाल्या होत्या. "चाला सर, जेवाले. सायबलेबी आना."

"तो नाही यायचा," सर उठत म्हणाले. "आज तो पंच आहे."

ते गेले. दगडाजवळ क्षणभर थांबले, काठीने चाचपलं, आणि पऱ्हाट्यांमधून वाट काढत जिभाऊंच्या मागे निघाले. मी डबा उघडला.