भाजलेला उतार आणि त्यावरची सिरा

वाईनबद्दल लिहिताना लोक 'मातीची चव', 'दगडाची चव' असं फार सहज लिहून टाकतात, मीपण आधी लिहायचे, आणि मग एका सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या आंप्वी गावामागचा डोंगर चढले तेव्हापासून ते लिहायचं बंद केलं. गाव लिऑनच्या दक्षिणेला, व्हिएन सोडलं की ऱ्होनच्या उजव्या काठावर. मागचा उतार म्हणजे कोत-रोती, नावाचा अर्थच भाजलेला उतार. इथली रेड वाईन सिरा द्राक्षाची असते, आणि ती तशी का लागते ते ग्लासपेक्षा डोंगर बघून जास्त कळतं असं माझं ठाम मत झालंय.

आधी नदीचं बघा. ऱ्होन तशी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, पण इथे ती थोडी नैर्ऋत्येला वळते. त्या एका वळणामुळे काठावरचा डोंगर नुसता पूर्वेकडे बघत न राहता आग्नेयेकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे सकाळी ऊन आलं की ते थेट वेलींच्या अंगावर. हा सगळा भाग 45 अंश अक्षांशाच्याही थोडा वर आहे, सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, तिरपाच राहतो, आणि सपाट जमिनीवर तिरपं ऊन पसरून पातळ होतं. पण जमीनच सूर्याकडे कललेली असेल तर तेच ऊन कमी जागेत गोळा होतं. हातात एक पुठ्ठा धरून उन्हात कलता करून बघा, लगेच लक्षात येईल. सिरा पिकायला ऊब लागते आणि जुन्या काळी एवढ्या उत्तरेला ती सपाटीवर दरवर्षी पिकेल याची काही खात्री नव्हती, उतारावर मात्र पिकायची, म्हणून माणसं उतारावर गेली. हौस म्हणून कोणी एवढ्या चढावर शेती करत नाही.

आणि चढ म्हणजे किती, तर काही ठिकाणी 60 टक्क्यांच्या वर, म्हणजे दहा मीटर आडवं गेलात तर सहा मीटर वर चढलात. ट्रॅक्टरचा प्रश्नच येत नाही. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलाय आणि प्रत्येक पायरी एका गडग्याने धरून ठेवलीय, चुना नाही सिमेंट नाही, दगडावर दगड. काही पायऱ्या इतक्या अरुंद की वेलींच्या दोनच ओळी मावतात. तारेचा मांडव नाही, प्रत्येक वेलीला स्वतःचा लाकडी खांब, त्याला एशाला म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी दोन खांबांची डोकी एकमेकांना टेकवून बांधतात म्हणजे मिस्त्रालने उपटून नेऊ नये. मिस्त्राल म्हणजे उत्तरेकडून येणारं ते दांडगं वारं, त्रास देतं पण पावसानंतर घड झटकन सुकवतं, त्यामुळे बुरशी कमी लागते, म्हणून शेतकरी त्याला शिव्याही देतात आणि वाटही बघतात.

आता मातीचं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. माती अशी तिथे फार नाहीच. वर बोटभर-वीतभर भुसभुशीत थर आणि खाली शिस्टचा खडक, पापुद्र्या-पापुद्र्यांचा, हातात घेतला तर अभ्रक चमकतं. पाऊस पडला की पाणी थांबत नाही, वाहून जातं किंवा खडकाच्या भेगांत मुरतं, मग मुळांना त्या भेगांतून खाली खाली जावं लागतं. पाणी जेवढ्यास तेवढं मिळाल्यामुळे वेल पानांचा पसारा वाढवत नाही, फळं लहान राहतात, आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त असते. रेड वाईनचा रंग, टॅनिन म्हणजे जिभेवरचा तुरटपणा, आणि वासातला बराचसा भाग सालीत असतो. म्हणजे दगड काही विरघळून ग्लासात येत नाही हो! दगड पाणी मोजून देतो आणि दिवसाची ऊब साठवून संध्याकाळी परत देतो, वेलीचं वागणं त्याने बदलतं आणि चव त्यातून येते. मला तर हे 'दगडाची चव' म्हणण्यापेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

थंडीचा एक मुद्दा राहिलाच, रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली घसरते आणि तळाला साचते, म्हणून वसंतात गोठलेल्या दवाचा मार सपाटीला जास्त बसतो, मधल्या उताराला कमी.

याच उतारावर दोन नावं सतत ऐकू येतात, कोत ब्रून आणि कोत ब्लोंद, सावळी आणि सोनेरी. दंतकथा अशी की मोजिरों नावाच्या सरदाराने आपल्या दोन मुलींना, एक काळ्या केसांची आणि एक सोनेरी केसांची, हे दोन डोंगर वाटून दिले. गोष्ट गोड आहे, पण केसांपेक्षा जमिनीचा रंग जास्त बोलतो. उत्तरेकडच्या ब्रूनवर लोहयुक्त काळपट शिस्ट आणि थोडी चिकणमाती, तिथली वाईन घट्ट, लवकर न उलगडणारी. दक्षिणेकडच्या ब्लोंदवर फिकट रंगाचे खडक आणि वाळूसारखी हलकी जमीन, तिथली वाईन मऊ, सुगंधी, तरुणपणीच बोलायला लागणारी. मध्ये एक छोटा ओढा, बस. गिगाल या इथल्या वाईन उत्पादकांच्या तीन प्रसिद्ध वाईन्समध्ये हा फरक सरळ दिसतो, ब्लोंदवरच्या ला मुलीनमध्ये साधारण 11 टक्के व्हिओन्ये असतं आणि काळ्या जमिनीवरची ला लांदोन निव्वळ सिरा.

व्हिओन्ये हे पांढरं द्राक्ष, आणि रेड वाईनमध्ये ते घालायला इथे कायद्याने परवानगी आहे, 20 टक्क्यांपर्यंत, पण तयार वाईन नंतर मिसळायची नाही, दोन्ही द्राक्षं एकत्रच आंबवायची. गंमत म्हणजे पांढरं घातल्याने रंग फिका पडायच्या ऐवजी जास्त टिकून राहतो. प्रत्यक्षात बहुतेक जण फार कमी घालतात, आणि मला स्वतःला कमी घातलेलीच आवडते, व्हिओन्ये जास्त झालं की जर्दाळूचा वास पुढे येतो आणि सिराची काळी मिरी, ऑलिव्ह, धुराचा वास मागे राहतो. त्या मिरीच्या वासामागे रोटंडोन नावाचं एक संयुग आहे, खऱ्या मिरीतही तेच असतं, आणि फार तापलेल्या घडांत ते कमी बनतं. म्हणजे नावाने भाजलेला असला तरी हा उतार जेमतेम भाजलेलाच बरा, आणि आता उन्हाळे तापत चाललेत तेव्हा मला याचीच काळजी वाटते.

नदीने साठेक किलोमीटर खाली गेलं की डाव्या काठावर एर्मिताजचा डोंगर, तोही सिराचाच, पण तो सरळ दक्षिणेकडे बघतो. त्याच्या पश्चिम टोकाला बेसार नावाची ग्रॅनाइटची जमीन आहे आणि शेजारीच मेआलमध्ये गोट्या आणि चुनखडी. वाईन जास्त भरदार, रुंद खांद्यांची. द्राक्ष तेच, नदी तीच, डोंगराने मान वळवली की माणूस बदलल्यासारखी वाईन बदलते.

हा आंप्वीचा डोंगर जवळपास हातातून गेला होता हे मात्र मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या किडीने वेली खाल्ल्या, मग पहिल्या महायुद्धात गावोगावची तरुण पोरं गेली, गडगे दुरुस्त करायला हात राहिले नाहीत, आणि सपाटीवर भाजी-जर्दाळू लावणं सोपं होतं. 1970 च्या सुमारास द्राक्षाखाली साधारण 70 हेक्टर उरले होते. आज 300 च्या वर आहेत, म्हणजे कोणीतरी झुडपं तोडून, पडलेले दगड उचलून, पायरी न् पायरी परत रचली. आम्हाला फिरवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या, पुढे चालता चालता भिंतीतला सुटलेला दगड दिसला की थांबून, दोन-तीनदा फिरवून बसवायच्या आणि मग पुढचं वाक्य बोलायच्या. त्या म्हणाल्या, पूर्वी पावसाने वाहून गेलेली माती हिवाळ्यात पाठीवरच्या टोपल्यांतून परत वर न्यायचे. मी खाली बघितलं, नदी केवढीशी दिसत होती, आणि मी रिकाम्या हातांनी धापा टाकत होते.

घरी यायच्या आधी एकाच शेतकऱ्याच्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या घेतल्या, एक ब्लोंदची, एक ब्रूनची. ब्लोंद त्याच हिवाळ्यात उघडली, ग्लासात ओतल्या ओतल्या खोलीभर व्हायोलेटचा वास. ब्रून अजून तशीच आडवी ठेवलीय, बाई म्हणाल्या होत्या दहा वर्षं हात लावू नका, आणि त्यातली अजून चार बाकी आहेत.