बुरूज नंबर 17

मी वनरक्षक आहे, लोकांच्या भाषेत फॉरेस्टवाली. हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, वाघ बघितला का? नाही हो. माझ्या बीटमध्ये, म्हणजे मी राखते त्या हद्दीत, वाघ सोडा, लोकांना वाटतं तसं जंगलसुद्धा नाही. हडपसर सोडून दिवे घाट चढलात आणि सासवडच्या अंगाला आलात की जो मुरमाड माळ दिसतो, पिवळं गवत, मधूनच एखादी बोर नाहीतर हिवर, बाकी सगळं उघडं, तसलंच माझं जंगल. कागदावर राखीव वन. गावाचं नाव लिहीत नाही, केस अजून चालू आहे.

जानेवारीतला रविवार होता. अशी कामं रविवारीच होतात, तलाठी सुट्टीवर, मोजणीवाले सुट्टीवर, आमचे पण निम्मे लोक घरी. सकाळी सातला अनोळखी नंबरवरून तीन मिस कॉल दिसले म्हणून परत लावला तर पलीकडून एका पोराचा आवाज, आणि मग त्याच्या हातातनं फोन घेऊन म्हातारा आवाज, "म्याडम, तुमचा माळ उकरत्यात. या बगायला." एवढं बोलून फोन ठेवला.

आवाज ओळखला आणि जरा कानकोंडं झालं. या तात्यांवर मीच दीड महिन्यापूर्वी चराईची केस केली होती. राखीव वनात मेंढरं घातली म्हणून पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला रिपोर्ट, फाडला, दंड भरून घेतला. तेव्हा ते काही बोलले नव्हते, फक्त पैसे मोजताना दोनदा चुकले आणि परत पहिल्यापासून मोजले होते. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं.

गाडी काढली, वनमजुराला फोन केला की दादा तुम्ही पण निघा, आणि वीस मिनिटांत पोचले. लांबूनच धुरळा दिसत होता. जेसीबीने गवत खरवडून वीसेक फुटी रस्ता पाडलेला, वर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या, कडेला सिमेंटचे पोल उतरवून ठेवलेले आणि एक फ्लेक्स, निसर्गाच्या कुशीत फार्महाऊस प्लॉट, पुण्यापासून फक्त तासाभरावर. फ्लेक्सवर हरणाचं चित्र होतं, खोटं नाही सांगत, आणि ते हरीण पण आपलं चिंकारा नव्हतं, कुठलंतरी परदेशी शिंगाड्या.

मशीन बंद करायला लावलं. ऑपरेटर पोरगेला, बीडकडचा, त्याने निमूट बंद केलं. सुपरवायझर मात्र तयारीत होता. ताई, ही आमच्या गटातली जागा आहे, ही बघा क प्रत. झेरॉक्सची झेरॉक्स असावी, पण मोजणीचा नकाशा होता. मी मोबाईलवर आमच्या वनहद्दीचा नकाशा उघडला तर मी हद्दीच्या चांगली सत्तर मीटर आत उभी. तो म्हणाला मोबाईलचं काय खरं ताई, पाचदहा मीटर इकडंतिकडं दाखवतोच. म्हणलं पाचदहा मान्य, सत्तर नाही. मग त्याने त्याचा हुकमी पत्ता टाकला. "बरं मग तुमचा बुरूज दाखवा. सोळा तिकडं हाय, अठरा तिकडं हाय, मधी सरळ रेघ मारा, आम्ही रेघंच्या भाईर. सतरा कुठंय?"

आता हे नीट सांगावं लागेल, कारण सगळी मेख इथंच आहे. वनाच्या हद्दीवर ठरावीक ठिकाणी दगड रचून केलेले बुरूज असतात, चुना लावलेले, वर नंबर टाकलेला. हद्द म्हणजे या बुरजापासून त्या बुरजापर्यंत. आणि आमची हद्द सोळापासून सरळ अठराला जात नाही, सतराला जाऊन तिथं कोपरा करून मग अठराला येते. सोळा ते अठरा अंतर पाचशे मीटर धरा आणि कोपरा बाहेर आलाय ऐंशी मीटर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ शाळेत शिकलोय आपण, ते झालं दोन हेक्टर. गुंठ्यात जवळपास 200 गुंठे. तिथला गुंठ्याचा भाव काय चाललाय, त्यात पुरंदरच्या विमानतळाची हवा झाल्यापासून तो कुठं जाऊन बसलाय हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहितीय. म्हणजे एक दगडांचा ढीग गायब केला की 200 गुंठे आपोआप बाहेर पडतात. एका दिवसाचं जेसीबीचं भाडं, बास.

आणि सतरा खरंच नव्हता. जिथं असायला हवा तिथं सपाट रस्ता.

तेवढ्यात फोन सुरू झाले. पहिला एका पुढाऱ्याचा, अगदी गोड, ताई पडीक माळ आहे हो, कुसळाशिवाय काय उगवतं तिथं, गरीब लोकांची कामं आहेत, जरा समजून घ्या. दुसरा जरा कमी गोड. तिसऱ्याने माझी बदली कुठं कुठं होऊ शकते त्या गावांची नावं सांगितली. (त्यातलं एक माझं सासर होतं, मला चाललं असतं.)

पडीक या शब्दाने माझं डोकं फिरतं, पण खरं सांगायचं तर तो शब्द त्यांनी एकट्यांनी आणलेला नाही. सरकारी नकाशांमध्येसुद्धा असले गवताळ माळ कितीतरी वर्षं पडीक जमिनीतच मोजले गेले. आमच्याच खात्याने अशा माळांवर चर खोदून गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी, लावलंय, पुण्याच्या टेकड्यांवर जाऊन बघा, नुसती उंदीरमारीच उंदीरमारी, खाली गवताची काडी नाही. झाड दिसलं की जंगल, नाही दिसलं की पडीक. आणि इथं काय आहे, तर पवन्या गवत आहे, मारवेल आहे, कुसळी आहे जी माझ्या प्रत्येक पॅन्टच्या शिवणीत घुसून बसलेली असते. तिच्यात माळटिटवी जमिनीवरच अंडी घालते, धाविक पक्षी पळतो, हिवाळ्यात मध्य आशियाकडनं भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षी, येतात, खोकड आहे, आणि लांडगा आहे. वन्यजीव कायद्यात लांडगा वाघाच्याच पंगतीला, अनुसूची 1 मध्ये. पण त्याच्या नावाने फार्महाऊस विकलं जात नाही.

त्या रस्त्यापासून शंभरेक पावलांवर एक ओघळ आहे. तिथं लांडग्याची मादी व्यालेली होती. डिसेंबरपासून मला माहीत होतं, मी रोज लांबनं बघून यायचे, जवळ जात नव्हते, कुणाला बोलले पण नव्हते, कारण बोललं की शनिवारी कॅमेरेवाले आणि रविवारी जीपा घेऊन माळ तुडवणारे. त्यामुळे तिथं उभी राहून मी एकीकडे फोनवर हो साहेब, कायद्याप्रमाणेच करतेय साहेब म्हणत होते आणि डोळा सगळा त्या ओघळीकडं.

तिसऱ्या फोनवाल्याला मात्र मी कोंढव्याचं सांगितलं. 15 मे 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, कोंढवा बुद्रुकची 11.89 हेक्टर जमीन, 1879 पासून राखीव वन, 1998 मध्ये शेतीच्या नावाखाली दिली गेली आणि पुढे सोसायटीसाठी विकली गेली, कोर्टाने सगळं बेकायदा ठरवून जमीन परत फॉरेस्टला द्यायला लावली, वर सगळ्या राज्यांना सांगितलं की महसूलकडे राहिलेली वनजमीन अशी कुणाला दिली असेल तर शोधा. म्हणलं साहेब, 27 वर्षांनी सुद्धा परत घेतात, तुमचे प्लॉटवाले तोवर काय करतील? तिकडनं फोन कट. पण कोंढव्यात कागद होता. माझ्याकडे कागद होता आणि दगड नव्हता.

तात्या हे सगळं वरच्या बांधावर बसून बघत होते. मेंढरं वनाच्या बाहेर, बरोबर हद्दीला लागून, एक खूर आत नाही. मी त्यांच्याकडं गेले आणि म्हणलं, तात्या, सतरा नंबरचा बुरूज कुठं होता आठवतंय का. ते उठले, गुडघ्याला हात लावून, आणि काही न बोलता चालायला लागले. रस्त्याच्या मधोमध जाऊन काठी रोवली. "हितं."

सुपरवायझर हसला. म्हणाला म्हाताऱ्याला काय कळतंय.

तात्या त्याच्याकडं न बघता मला म्हणाले, "माजा बाप हितंच मार खाल्ला फारेष्टवाल्याचा. मी सात-आठ वर्साचा. बुरजाच्या अलीकडं मेंढरू दिसलं तर बघ म्हनला हुता. तवापास्नं किती गार्ड आलं न् गेलं, समद्यांनी हितनंच हाकललं. तुमी बी हितनंच धरलं की मागच्या म्हैन्यात. मला नाय तर कुनाला म्हाईत असनार?"

काय बोलणार यावर. मी वनमजूर दादांना टिकाव घ्यायला सांगितला. रस्ता वरवरच खरवडलेला होता, वीतभर मुरूम काढला आणि खाली दगड लागले, गोलात बसवलेले, पायाचे. मग कडेला ढकललेल्या ढिगात शोधाशोध केली. चुना लागलेले दगड निघाले सात-आठ, आणि एकावर निळ्या रंगाचा अर्धा आकडा, नुसती सातची शेपटी. दादांनी तो दगड असा काही उचलला की जणू गणपतीच सापडला.

सुपरवायझर एव्हाना गाडीत जाऊन बसला होता आणि मग गाडीच निघून गेली. राहिला ऑपरेटर आणि त्याचं मशीन.

जप्ती करायची तर दोन पंच हवेत. गावातल्या चौघांना फोन केले, एकाची गाय व्याली होती, एक पुण्यात होता, दोघांनी उचललाच नाही. शेवटी शेजारच्या अंजिराच्या बागेतल्या मावशी आल्या, त्या म्हणाल्या मी करते सही, त्यांनी माझी पाईपलाईन पण तोडलीय. दुसरे कोण? तात्या म्हणाले, "माज्यावर तर तुमचीच केस हाय. चोराला पंच कराल व्हय?" मी खरंच साहेबांना फोन लावला. आरएफओ साहेब, म्हणजे आमचे वनक्षेत्रपाल, आधी हसले, मग म्हणाले दंड भरून तडजोड झाली ना, मग आता काय राहिलं, घे त्यांची सही. मला वाटलं अंगठा देतील, तर त्यांनी पेन मागितलं आणि पूर्ण नाव लिहिलं, बापाचं नाव जरा जास्तच ठळक. भारतीय वन अधिनियम 1927, कलम 26, कलम 52, जेसीबी जप्त, मोजमाप, फोटो, पंचनामा, हे सगळं होईपर्यंत दीड वाजला.

पुढची अडचण अशी की जप्त केलेला जेसीबी ऑफिसला न्यायचा कसा. मला चालवता येत नाही. म्हणून ज्याच्यावर गुन्हा त्यालाच म्हणलं, भावा, तूच चल घेऊन. दहा-बारा किलोमीटर, जेसीबीच्या स्पीडने, मागे माझी ॲक्टिव्हा, त्याच्या मागे दादांची मोटरसायकल, वरातच. मध्ये एका टपरीवर त्याने मशीन बाजूला घेतलं आणि खाली उतरून विचारलं, मॅडम, चहा घेऊ का, सकाळपासून काही नाही पोटात. तिघांनी चहा घेतला, त्याला वडापाव घेऊन दिला. मशीन त्याचं नव्हतं, रोजावर होता, आणि आता मालक पगार कापणार हे त्याला पण माहीत आणि मला पण. कलम 61-अ खाली मशीन सरकारजमा करायची कारवाई मालकावर चालते, पण त्या दिवशी घाबरलेला चेहरा त्याचाच होता, मालक काही तिकडं फिरकला नाही.

संध्याकाळी उजेड असेपर्यंत परत माळावर गेले. एकटीच. लांबच्या उंचवट्यावर बसून दुर्बिणीने ओघळ बघितली, काहीच हालचाल नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी जवळ जाऊन बघितलं तर बीळ रिकामं, तोंडाशी मेंढीचं हाड आणि वाळलेली लीद पडल्यासारखी विष्ठा, केसांनी भरलेली. मादी पिल्लं हलवते असा धोका वाटला की, हे मला माहितीय, एकेक तोंडात धरून. कुठं हलवली ते कळलं नाही. पंधरा दिवसांनी पाणवठ्याच्या कॅमेऱ्यात ती आली, एकटी. मी ते फोटो पुन्हा पुन्हा झूम करून बघितले, मागे गवतात काही दिसतं का म्हणून.

तात्यांना विचारलं होतं मी, लांडग्याने तुमची कोकरं नेली तरी तुम्ही नुकसानभरपाईचा अर्ज का नाही करत. ते म्हणाले, अर्जात लिवावं लागतंय कुटं नेलं ते. खरं लिवलं तर तुमी केस करनार, खोटं लिवलं तर द्येव. त्यापरास घेऊन जाऊंदे तिला, तिला बी पोरं हायत. आणि मग लगेच, म्हणजे आपण फार चांगलं बोललो असं वाटायला नको म्हणून की काय, म्हणाले, मी फोन लांडग्यासाठी नाय केला हां. तिथं प्लॉट झालं तर मेंढरं पान्याला कुटनं न्यायची?

फेब्रुवारीत मोजणी झाली. रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून मोजणारं यंत्र, लावला, भूमी अभिलेखच्या पोरांनी बिंदू काढला, तो तात्यांच्या काठीच्या खड्ड्यापासून दोन-अडीच फुटांवर. तिथंच सतरा परत बांधला, जुने दगड खाली घालून, वर नवा चुना. सातची शेपटी असलेला दगड मात्र मुद्देमालात आहे, कोर्टाच्या तारखा पडतायत तसा तो पण कपाटात पडलाय. तात्या बांधकाम बघायला आले होते, दोन दगड त्यांनी काढून परत नीट बसवले, गवंड्याला म्हणाले असं नाय, मधला जोड मोकळा ऱ्हायलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळरेषेच्या, म्हणजे वणवा अडवायला गवत जाळून पट्टा काढायच्या, कामावर निघाले होते तर मेंढरं बुरजाच्या अलीकडं, चांगली पन्नासेक पावलं आत. मी गाडी थांबवून शिट्टी वाजवली. बुरजावर बसलेल्या तात्यांनी हात वर केला, उठले, आणि अगदी सावकाश मेंढरं वळवायला लागले.