मॉडेलचं नाव सांगून आणलेली ब्रेक डिस्क बसेलच असं नाही

गाडी 2009 सालची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं. अशा वेळी आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: ‘डिस्क वाकली, लेथवर फिरवून घ्या.’ खरं तर बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, कमी-जास्त झिजलेली असते. जाडीत 0.02 मि.मी.चा फरक पडला तरी स्टेअरिंगवर जाणवतो. म्हणून लेथवर तासून सपाट करून घेण्याआधी जाडी मोजली.

मोजतानाच पहिली चूक होते. झिजलेल्या डिस्कच्या काठाला न झिजलेली कड उरते. व्हर्नियर (दोन जबड्यांचा सरकता मापक) त्या कडेवर टेकतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. त्याला मायक्रोमीटर हवा. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला जाणारं ओळखीचं कुणी असेल तर मिळून जातो. नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून व्हर्नियर लावायचा आणि नाण्यांची जाडी वजा करायची. काठापासून 10 मि.मी. आत, आठ ठिकाणी मापं घेतली: 15.21 ते 15.28. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. तारेच्या ब्रशने गंज घासला तेव्हा 15 हा आकडा दिसला. नवी असताना 17. एवढीच उरलेली डिस्क लेथवर देणं म्हणजे पैसे मोजून भंगार करून घेणं. पातळ डिस्कमध्ये लोखंड कमी, त्यामुळे ती लवकर तापते, आणि हे कन्नडचा घाट उतरताना, त्यातही मे महिन्यात, कळून उपयोग नाही.

मग दुकान. ‘कोन्तं मॉडेल हाय भाऊ?’ एवढंच विचारलं जातं. पण एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलची वेगळी, डिझेलची वेगळी, एबीएसवालीची वेगळी डिस्क असू शकते. काही गाड्यांत तर मधल्याच वर्षी माप बदललेलं असतं. म्हणून आरसीवरचा चेसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना कंपनीच्या पार्ट काउंटरवर दिला आणि पार्ट नंबर लिहून आणला. डिस्क तिथूनच घ्यायला हवी असं नाही, नंबर तेवढा हवा.

तरीही जुनी डिस्क काढून सोबत नेली. ती गंजून हबला (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागाला) चिकटली होती. हातोडा मारू नये, बेअरिंगला मार बसतो. डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं असली तर त्यांत एम-8चे (8 मि.मी. व्यासाचे) बोल्ट आळीपाळीने पिळायचे, डिस्क सुटून येते. काउंटरवर पाच मापं जुळवली: बाहेरचा व्यास, जाडी, मधलं भोक, बोल्टांची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास, आणि डिस्क उपडी ठेवून एकूण उंची. उंची कुणी बघत नाही, आणि नेमकं तिथेच फसतं. 2-3 मि.मी.चा फरक असला तरी बोल्ट बसतात, चाकही फिरतं, पण डिस्क कॅलिपरच्या (तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पकडीच्या) मध्यावर येत नाही आणि ब्रॅकेटला घासू शकते. मधलं भोक सैल असेल तर डिस्क केंद्रात बसेलच असं नाही.

एकाच मापाच्या दोन डिस्क समोर आल्या तेव्हा दोन्ही शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवल्या. बिननावाची हलकी भरली, शिवाय हवेच्या खाचांत ओतकामाची वाळू अडकलेली. ती परत केली. भोकं पाडलेल्या ‘स्पोर्ट’ डिस्कचा विचारही केला नाही; रोजच्या गाडीला त्यांचा फायदा नाही आणि भोकांपासून तडे जातात. डिस्क नेहमी जोडीने घ्यायची, दोन्ही चाकांची, आणि डिस्कवर घासणारे पॅडही नवेच. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या चऱ्या उमटलेल्या असतात.

नव्या डिस्कला गंजरोधक तेल असतं. ते ब्रेक क्लीनरनेच पुसायचं. डिझेलने धुतली तर तेलकटपणा राहतो आणि पॅड खराब होतात. हबची डिस्क टेकते ती बाजू एमरी पेपरने चकचकीत केली, कारण तिथला गंजाचा बारीक पापुद्राही डिस्कच्या काठाशी मोठी डगमग होऊन दिसतो. डायल गेज (डगमग मोजणारं काट्याचं घड्याळ) लावून डिस्क फिरवली तर 0.11 मि.मी. आलं. डिस्क एक बोल्ट पुढे सरकवून पुन्हा बसवली आणि 0.04 वर आलं. बऱ्याच गाड्यांना मर्यादा 0.10 च्या आसपास असते; आपल्या गाडीची मॅन्युअलमध्ये बघावी.

पावसाळ्यातली काळी माती कॅलिपरच्या पिनांवर वाळून बसते. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. जी-क्लँपने (स्क्रूच्या शिकंज्याने) कॅलिपरचा पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या टाकीकडे लक्ष ठेवा. ऑइल उतू गेलं तर रंग खातं. जोडून झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत, मध्ये अर्धा मिनिट सोडून, दहा वेळा ब्रेक लावला. एकदाही पूर्ण थांबून पाय दाबून धरला नाही. तसं केलं तर तापलेल्या पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि थरथर परत येते. त्याआधी चाकाचे नट हवेच्या गनने न आवळता टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरचे आळीपाळीने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळले होते. महिन्याभराने टायरची अदलाबदल करायला गेलो तेव्हाही रेंच सोबत नेला. गॅरेजवाला हसला, पण रेंच हातात घेतला.