जिथे हात चुकतो, तिथे थांबणारा माणूस

पावसाने फुगलेलं दार तासायला आज सुतारकाका आले होते. दोनदा रंधा मारला, थांबले आणि मला म्हणाले, "इथे हात लावून बघा. रेषा उलट्या फिरल्यात. इकडून मारलं की लाकूड उपटतं." मग दुसऱ्या बाजूने रंधा चालवला आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी लांब, कुरळी साल निघाली.

मला एकदम नॉर्म अब्राम आठवला. अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक टीव्हीवर १९८९ ते २००९ 'द न्यू यँकी वर्कशॉप' हा सुतारकामाचा कार्यक्रम करायचा. आधी सुतार, मग निवेदक! प्रत्येक भागात संरक्षक चष्मा घालायची आठवण द्यायचा, तीही मनापासून. तिथलाच दुसरा सुतार-निवेदक रॉय अंडरहिल तर विजेशिवाय, फक्त हातातल्या हत्यारांवर काम करायचा. करवत चालवताना धाप लागायची, तरी बोलणं सुरूच.

अशा कार्यक्रमाला गोड आवाज नसला तरी चालतो हो. आपला हात जिथे चुकणार, नेमकं तिथे थांबणारा माणूस हवा. हल्लीच्या व्हिडिओंत तेवढाच भाग कापलेला असतो, याचं फार वाईट वाटतं.

काकांकडून ती साल मागून घेतली. टेबलावर ठेवलीय. अजून सागाचा वास येतोय.